क्रूझ एजंटकडून घेतली. आता अडचण आली तर फोन कुणाला लावायचा?

सिंगापूरहून निघायला चार दिवस उरले होते आणि केबिनचे नंबर आले. आई-बाबांची केबिन तिसऱ्या डेकवर, पार पुढच्या टोकाला. आमची आठव्या डेकवर, मागे. बुकिंगच्या वेळी एजंटला मी तीनदा बजावलं होतं की दोन्ही केबिन शेजारीशेजारी हव्यात, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. "होऊन जाईल मॅडम, काळजीच करू नका."

क्रूझ कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की हे बुकिंग एजन्सीच्या नावावर आहे, बदल एजन्सीनेच करायला हवा. एजंटला फोन केला. तो म्हणाला, "मी वर मेल टाकलाय." वर म्हणजे कुठे, हे खोदून विचारलं तेव्हा कळलं की हा माणूस क्रूझ कंपनीशी थेट कधी बोलतच नाही. त्याच्या वर एक मोठा एजंट होता आणि आमचं बुकिंग त्या मोठ्याच्या खात्यातून झालं होतं. त्या दुसऱ्या एजंटचं नावही मी तोवर ऐकलेलं नव्हतं.

घरातली तिकिटं काढायचं खातं माझ्याकडेच असतं, तरी हे मला माहीत नव्हतं. त्या सहलीनंतर मावशीची, नणंदेची आणि ऑफिसातल्या दोघा-तिघांची क्रूझ मार्गी लावून दिली. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते.

बुकिंगचा मालक कोण

विमानाचं तिकीट एजंटकडून काढलं तरी पुष्कळ गोष्टी आपण एअरलाइनच्या काउंटरवर मिटवून घेतो. क्रूझचं तसं नाही. क्रूझ कंपनीच्या संगणकात आपल्या बुकिंगवर एजन्सीचा कोड चढलेला असतो. भाडं, तारीख, केबिन, नावातली दुरुस्ती, रद्द करणं, पैसे परत करणं, या सगळ्यांत कंपनी फक्त त्या कोडवाल्याचं ऐकते. आपण प्रवासी असलो तरी बुकिंगपुरते तिऱ्हाईत.

यात कंपनीचा खडूसपणा नाही, व्यवहार आहे. तिकिटाच्या मूळ भाड्यावर कंपनी एजंटला कमिशन देते (बंदराचं शुल्क आणि कर यांवर सहसा देत नाही), आणि गिऱ्हाइकाचे फोन एजंटने घ्यायचे हे त्या कमिशनमध्येच धरलेलं असतं. म्हणून एजंटला काम सांगताना ओशाळायचं कारण नाही. त्याची मजुरी तिकिटातून गेलेलीच असते.

काही गोष्टी मात्र एजंट असला तरी आपल्याच हातात राहतात: ऑनलाइन चेक-इन, फोटो आणि पासपोर्टचा तपशील भरणं, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट किंवा पेयांचं पॅकेज, शोची वेळ. हे कंपनीच्या ॲपवर बुकिंग नंबर टाकून स्वतः करायचं. ॲपवरून घेतलेल्या पॅकेजमध्ये घोळ झाला तर त्याची विचारपूसही थेट कंपनीकडेच. एजंटला त्यातलं काही दिसत नसतं.

पैसे देण्याआधी: साखळी किती लांब आहे ते बघा

परदेशी क्रूझच्या बाबतीत आपल्याकडची साखळी साधारण अशी असते. सर्वांत वर क्रूझ कंपनी. तिच्याखाली तिचा भारतातला अधिकृत प्रतिनिधी. धंद्यात त्याला जीएसए म्हणतात. त्याच्याखाली घाऊक विक्री करणारे, म्हणजे बी-टू-बीवाले, ज्यांचं पोर्टल फक्त एजंटांसाठी असतं. आणि सर्वांत खाली डोंबिवली, कोथरूड किंवा सांगलीतला आपला ओळखीचा एजंट. आपला निरोप पायरीपायरीने वर चढतो आणि उत्तर तसंच उतरतं. दर पायरीला एक दिवस धरा. मधे शनिवार-रविवार आला तर चार.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाचं प्रकरण जरा सुटसुटीत आहे. कंपनी भारतातली, साखळी आखूड. तरी नियम तोच: पैसे एजंटकडे दिले असतील तर परतीचं बोलणंही आधी एजंटशीच.

म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी एजंटला चार प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी घ्यायची.

पहिला: बुकिंग तुम्ही स्वतः कंपनीच्या सिस्टीममध्ये करता की दुसऱ्या कुणाकडून? दुसऱ्याकडून करत असतील तर ती वाईट गोष्ट नाही, निम्मे एजंट तसंच करतात. पण त्या दुसऱ्याचं नाव आपल्याला माहीत हवं.

दुसरा: माझ्या कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव कुणाचं येईल? हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळ्यांत कामाचा हाच आहे. क्रूझ कंपनीचं नाव आलं तर पैसे थेट तिथे पोचले. एजन्सीचं आलं तर ते आधी एजन्सीकडे थांबले. पुढे किती आणि कधी गेले हे आपल्याला दिसत नाही. एजंटने स्वतःच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले तर तिथेच उठायचं. मामेभाऊ असला तरी.

तिसरा: रद्द केल्यास कंपनी किती कापते आणि तुम्ही वेगळे किती कापता? बहुतेक जण पहिला आकडा सांगतात, दुसरा सांगत नाहीत.

चौथा: रात्री-बेरात्री किंवा रविवारी अडचण आली तर कुणाचा नंबर? "माझाच मोबाइल चोवीस तास चालू असतो" हे उत्तर प्रेमळ आहे, पण तो माणूस त्या आठवड्यात स्वतः काश्मीरला ग्रुप घेऊन गेलेला असू शकतो. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर घ्याच.

बुकिंगच्या दिवशी: एजंटचं बिल आणि कंपनीचं कन्फर्मेशन

एजंट स्वतःच्या लेटरहेडवर एक कागद पाठवतो. त्यावर बोटीचं छान चित्र असतं. ते बिल झालं. आपल्याला हवं असतं ते क्रूझ कंपनीच्या सिस्टीममधून निघालेलं कन्फर्मेशन, ज्यावर कंपनीचा बुकिंग नंबर असतो. नंबर आला की त्याच संध्याकाळी कंपनीच्या ॲपमध्ये टाकून बघा. नाव, बोट, तारीख दिसली तर बुकिंग खरोखर आहे. दिसलं नाही, तर ते अजून नुसतं धरून ठेवलेलं असेल किंवा ग्रुपच्या कोट्यात असेल. दुसऱ्या दिवशी विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही.

मग कन्फर्मेशन नीट वाचायचं. आमचं सगळं इथेच फसलं होतं. केबिन नंबराच्या जागी जी-टी-वाय अशी तीन अक्षरं होती. मला वाटलं, केबिनच्या प्रकाराचा कोड असेल. त्याचा अर्थ 'गॅरंटी'. या स्वस्त प्रकारात कंपनी केबिनच्या वर्गाची हमी देते, जागेची नाही. नंबर शेवटच्या काही दिवसांत पडतो आणि मिळेल तो घ्यावा लागतो. शेजारच्या केबिन हव्या असतील तर हा प्रकार घ्यायचाच नाही. थोडे पैसे जास्त देऊन नंबर पक्के करायचे. एजंटने स्वस्तातला भाव दाखवण्यासाठी गॅरंटी लावली आणि तोंडाने "होऊन जाईल" म्हटलं. कंपनीच्या दृष्टीने चूक कुणाचीच नव्हती.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे नाव. आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. कुणाच्या पासपोर्टवर ते पहिल्या नावाच्या रकान्यात जोडून आलेलं असतं, कुणाच्या पासपोर्टवर नसतंच. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आणि पासपोर्टवर माहेरचं, हेही घरोघरी. एजंट बरेचदा आधारचा फोटो मागतो आणि त्यावरून टाइप करतो. परदेशी क्रूझला पासपोर्टचाच फोटो द्या आणि कन्फर्मेशनवरची अक्षरं पासपोर्टशेजारी धरून वाचा. स्पेलिंग सुरुवातीला सुधारायला एक मेल पुरतो. शेवटच्या आठवड्यात तेच काम साखळीत अडकतं.

तिसरी, पूर्ण पैसे भरायची तारीख. परदेशी कंपन्यांत ती प्रवासाच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी असते. एजंट स्वतःची तारीख त्याच्याही आधीची ठेवतो, ते ठीकच आहे. पण कंपनीची तारीख कोणती हे कन्फर्मेशनवर बघून ठेवा. ती उलटली की रद्द करण्याचा दंड टप्प्याटप्प्याने चढतो आणि शेवटी शंभर टक्क्यांवर जातो. त्याच तारखेच्या आधी भाडं उतरलं तर एजंट नव्या भावाने बुकिंग बदलून घेऊ शकतो, पण आपणहून बहुधा कुणी करत नाही. मी महिन्यातून एकदा कंपनीच्या साइटवर तीच केबिन, तीच तारीख टाकून बघते आणि फरक दिसला की स्क्रीनशॉट पाठवते. मावशीच्या वेळी त्यातून तिच्या दोन दिवसांच्या शॉपिंगचे पैसे निघाले.

परदेशी टूर पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, कापला जातो. हे पैसे बुडत नाहीत. पॅन नंबर नीट दिला असेल तर ते आयकर खात्याकडच्या आपल्या नोंदीत (फॉर्म २६एएस) दिसतात आणि रिटर्न भरताना वळते होतात. ते तिथे दिसले नाहीत तर प्रश्न एजंटला विचारायचा. क्रूझ कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

बदल किंवा रद्द करायची वेळ आली तर

फोन करू नका असं मी म्हणत नाही. फोन करा, मन मोकळं करा, पण लगेच मागे मेल टाका. मी साधारण हा मजकूर वापरते: "बुकिंग क्रमांक अमुक. आज रद्द केल्यास कंपनी किती रक्कम कापेल, तुमचं सेवाशुल्क किती, आणि माझ्या खात्यात किती दिवसांत किती परत येतील, हे लेखी कळवा. माझं उत्तर येईपर्यंत रद्द करू नये." शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. "रद्द करायचा विचार चाललाय" एवढं ऐकून घाईने रद्द करून टाकलेलं एक बुकिंग आमच्या ऑफिसात प्रसिद्ध आहे.

पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत येतात. कंपनीने एजन्सीला परत केले की ते एजन्सीकडे थांबू शकतात. दोन आठवड्यांत आले नाहीत तर एजंटकडे कंपनीच्या परतफेडीची नोंद मागा, तारीख आणि रकमेसकट. खरंच आले नसतील तर तो कागद नसतो. आले असतील आणि एजंट फिरवत असेल तर हा प्रश्न ऐकून त्याचा सूर बदलतो.

एजंट फोनच उचलत नसेल तर? आधी साखळीतल्या वरच्या घाऊक एजंटला लिहा, नाव आपण सुरुवातीलाच घेऊन ठेवलंय. मग भारतातल्या प्रतिनिधीला. कंपनी बदल करणार नाही, पण बुकिंग चालू आहे का आणि पैसे पूर्ण भरलेत का, एवढं ओळख पटवल्यावर सहसा सांगते. एजंटने शेवटचा हप्ता पुढे भरलाच नाही, असा संशय असेल तर हे उत्तर फार मोलाचं असतं. बुकिंग एका एजंटकडून दुसऱ्याकडे किंवा स्वतःकडे घेणं काही कंपन्यांत जमतं, पण मुदत थोडी असते, तेही पूर्ण पैसे भरायच्या आधी, आणि मूळ एजंटची संमती लागू शकते.

कंपनीच बसली तर गोष्ट वेगळी. मुंबईहून बोट चालवणारी जलेश २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये बंद पडली. जानेवारी २०२२ मध्ये ड्रीम क्रूझेसची मूळ कंपनी गेंटिंग हाँगकाँगही अवसायनात, म्हणजे गाशा गुंडाळण्याच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी एजंट खरंच हतबल असतो, पैसे त्याच्याही हातून गेलेले असतात. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते. रोख दिले असतील तर ती वाट बंद.

कागदपत्रं: इथे सगळे हात वर करतात

सिंगापूरहून निघणारी बोट पेनांग, फुकेत करून सिंगापूरलाच परत येते. म्हणजे सिंगापुरात प्रवेश दोनदा. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे पीडीएफवर स्वतः वाचायचं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. व्हिसाचा अर्ज एजंटने भरला तरी तिकिटाच्या अटींत जबाबदारी प्रवाशाचीच लिहिलेली असते. कागद कमी पडल्यामुळे गेटवर अडवलं तर क्रूझ कंपनी पैसे परत देत नाही. एजंट "सॉरी" म्हणतो.

विमानाचंही तसंच. ते वेगळं काढलं असेल आणि उशिरा पोचलं तर बोट थांबत नाही, आणि चढायचं गेट निघण्याच्या तासभर आधीच बंद होतं. आदल्या दिवशी पोचा. विलायतेत राहणाऱ्या वाचकांसाठी एक फरक: तिथल्या २०१८ च्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांप्रमाणे विमान आणि क्रूझ एकत्र पॅकेज म्हणून विकलं तर ते पॅकेज बांधणाऱ्यावर सगळी सेवा नीट मिळण्याची जबाबदारी येते. तिथे शक्य असेल तर दोन्ही एकाच बिलावर घेतलेलं बरं.

बोटीवर पाय ठेवल्यावर

इथून पुढे एजंट संपला. केबिनमध्ये पाणी गळतंय, जेवणाची वेळ चुकीची लागलीय, जैन जेवणाची नोंद पोचलीच नाही, या सगळ्यांसाठी बोटीवरचा गेस्ट सर्व्हिसेसचा काउंटर. पहिल्या संध्याकाळी तिथे रांग असते. जेवणाच्या वेळेला गेलात तर मोकळा सापडतो. आम्ही केबिनचं गाऱ्हाणं घेऊन गेलो, तर बोट पूर्ण भरलेली होती. काउंटरवरच्या मुलाने डेकचा नकाशा काढला, पुढच्या लिफ्टवर पेनने गोल केला आणि बाबांना सांगितलं की हीच लिफ्ट धरा, जेवणाचा हॉल पाच पावलांवर येतो. बाबा आठवडाभर तो कागद शर्टाच्या खिशात घेऊन फिरले.

पहिल्याच रात्री ॲपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर आपलं खातं उघडून बघा. एजंटने बोटीवर खर्चायला पन्नास-शंभर डॉलरचं क्रेडिट किंवा पेयांचं पॅकेज कबूल केलं असेल तर ते दिसायला हवं. दिसलं नाही तर काउंटरवाले म्हणणार, आमच्याकडे नोंद नाही. आणि ते खरंच असतं, कारण ती भेट एजंटची होती. तेव्हाच्या तेव्हा एजंटला स्क्रीनशॉट धाडा. परदेशी बोटींवर टिपचेही पैसे आपोआप चढतात, माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर. "सगळं इन्क्लुडेड" म्हणणाऱ्या एजंटला हे आधीच विचारलेलं बरं.

किनाऱ्यावर उतरताना त्या दिवसाच्या पत्रकावरचा पोर्ट एजंटचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. हा त्या बंदरातला कंपनीचा माणूस. बोट चुकली तर त्याला फोन करायचा. गावातल्या ट्रॅव्हल एजंटला त्या वेळी फोन करून तो काय करणार? बोटीकडूनच घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते किंवा पुढची सोय करते. बाहेरून घेतलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

डॉक्टरकडे जायची वेळ आली तर बिल खात्यावर चढतं. दावा विमा कंपनीकडे करायचा, म्हणून डॉक्टरचा कागद आणि सविस्तर बिल उतरण्याआधी हातात घ्या. मागून मागवत बसणं फार त्रासाचं.

परत आल्यावर, प्रकरण मिटलं नाही तर

आधी १९१५, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पुष्कळ एजन्सी तिथून फोन गेल्यावरच जाग्या होतात. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली: तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, एजंटचं ऑफिस दिल्लीत असलं तरी. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, मुदत दोन वर्षांची. समोरच्या पक्षात एजंट, घाऊक एजंट आणि क्रूझ कंपनी अशी सगळी नावं घाला. एकट्या एजंटवर केलीत तर तो कंपनीकडे बोट दाखवणार.

अमेरिकेतल्या मंडळींना मात्र तिकिटामागचा बारीक मजकूर वाचावाच लागेल. वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्याने आपल्या गावच्या एजंटकडून कार्निव्हलची क्रूझ घेतली होती. मेक्सिकोजवळ बाई बोटीवर घसरून पडल्या. त्यांनी घराजवळच्या कोर्टात दावा लावला. तिकिटावर छापलं होतं की दावा फ्लोरिडातच लावावा. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने छापलेलं तेच ग्राह्य धरलं. तेव्हापासून बड्या कंपन्यांच्या तिकिटावरचं ते कलम न्यायालयात टिकून आहे.

आमचा एजंट माणूस म्हणून वाईट नव्हता. परत आल्यावर पेढे घेऊन घरी आला, "पुढच्या वेळी बघा मॅडम, सूट लावून देतो" म्हणाला. बोटीवरच्या शेवटच्या दिवशी पुढच्या क्रूझच्या काउंटरवर कमी ॲडव्हान्सची योजना होती, म्हणून मी फॉर्म घेतला होता. जुन्या बुकिंगवरून एजन्सीचं नाव त्यात आधीच छापून आलेलं. हे नाव काढता येईल का, असं विचारलं. काउंटरवरची बाई म्हणाली, आत्ता येईल, नंतर नाही. मी पेन मागितलं.